लहान तोंडी मोठा घास



मोठी माणसं बोलत असताना एखाद्या चिमुरड्याने मध्येच काही सांगितलं, की घरातून हमखास आवाज येतो, 'लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस!' आजची गोष्ट या म्हणीचीच आहे. पण ती घडली ऑपरेशन थिएटरमध्ये, आणि ती अगदी खरी आहे.

आधी आपल्या घशात डोकावू या. तिथे दोन नळ्या असतात. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका. घास गिळताना श्वासनलिकेवर एक छोटंसं झाकण पडतं. जेवताना बडबड केली की कण चुकीच्या वाटेला लागतो आणि आपल्याला ठसका लागतो. ठसका म्हणजे आपला राखणदारच!

पूर्ण भूल दिली की हा राखणदार झोपी जातो. जीभ सैल होऊन मागे पडते. स्नायू सैल करणारं औषध दिलं, तर श्वासही आपोआप चालत नाही. मग श्वासाची वाट सांभाळतात भूलतज्ज्ञ डॉक्टर. कधी तोंडानाकावर मास्क धरून, कधी श्वासनलिकेत नळी घालून. बहुतेक वेळा हे सहज जमतं. पण कुणाचं तोंड कमी उघडतं, कुणाची मान ताठ असते. कधी कधी तर अडचण येणार हे आधी कळतही नाही. आणि प्राणवायू मिळाला नाही, तर मेंदूला काही मिनिटांतच इजा होऊ लागते.

इंग्लंडमध्ये २९ मार्च २००५ रोजी हेच झालं. एलेन ब्रॉमिली या ३७ वर्षांच्या, दोन मुलांच्या आई. सायनसचं साधंसं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. प्राणवायूची पातळी ४० टक्क्यांपर्यंत घसरली. (कोरोनाच्या काळात बोटाला चिमटा लावून आपण हीच पातळी बघत होतो. ती साधारण ९५ च्या वर हवी.) तीन अनुभवी डॉक्टर तोंडातून नळी घालण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूने थेट श्वासनलिकेत वाट करणं. एका परिचारिकेने त्याचं साहित्य आणलं, आणल्याचं सांगितलंही. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवली. पण डॉक्टर नळीत इतके गुंतले होते, की किती वेळ गेला याचंही भान त्यांना राहिलं नाही. काय करायला हवं हे परिचारिकांना कळत होतं, पण डॉक्टरांना ते ठामपणे सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. एलेन शुद्धीवर आल्याच नाहीत. ११ एप्रिलला त्या गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली हे विमानाचे पायलट. विमानांच्या जगाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतलेला होता. १९७७ साली टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं दगावली. धावपट्टीवर दुसरं विमान असेल अशी शंका एका विमानातल्या इंजिनिअरने बोलून दाखवली होती, पण कप्तानाने ती उडवून लावली. पुढे वैमानिकांना 'हाताखालच्याने बोलायचं आणि वरच्याने ऐकायचं' याचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. मार्टिन यांनी 'शिक्षा कुणाला?' असं विचारलं नाही. 'यातून सगळे काय शिकणार?' असं विचारलं. २००७ साली त्यांनी डॉक्टर, परिचारिका, वैमानिक आणि अभ्यासक यांना एकत्र आणणारा गट सुरू केला.

आता बघा, काय काय बदललं. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ऑपरेशनसाठी एक यादी काढली. भूल देण्याआधी विचारायचं, 'श्वासाची वाट अवघड आहे का?' काप घेण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. एकदा नावाने ओळख झाली, की पुढे बोलायला जीभ अडखळत नाही. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. तेव्हा ऑपरेशननंतरचे मृत्यू हजारी १५ वरून ८ वर आले.

ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी २०१५ साली चार पायऱ्यांचा तक्ता दिला. नळीचे प्रयत्न तीनच. चौथा केलाच तर अधिक अनुभवी सहकाऱ्याने. एक उपाय फसला, की 'फसला' असं मोठ्याने सांगायचं, म्हणजे सगळेच पुढच्या पायरीला तयार होतात. आपल्या देशातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली असे नियम छापले.

आणि बरं का, यात तुमचंही काम आहे! कधी ऑपरेशनची वेळ आली, तर हलणारा दात डॉक्टरांना जरूर दाखवा. तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. उपाशी राहायला सांगितलेलं असताना गुपचूप बिस्किट खाल्लं असेल, तर रागावतील म्हणून लपवू नका. भुलीत पोटातलं वर आलं, तर ते फुप्फुसात जातं. इथे लहान तोंडाने बोललंच पाहिजे.

बोलायचं कसं, त्याचा सराव घरीच करा. बाबा स्कूटर काढताहेत आणि स्टँड खालीच आहे. आधी विचारा, 'बाबा, स्टँड वर केलंत का?' लक्ष गेलं नाही, तर सांगा, 'बाबा, स्टँड खाली आहे, पडाल.' तरीही ऐकू गेलं नाही, तर मोठ्याने म्हणा, 'बाबा, थांबा!' यात उद्धटपणा मुळीच नाही.

पालकहो, मुलाने असं थांबवलं आणि स्टँड वरच निघालं, तरीसुद्धा 'बरं झालं सांगितलंस' एवढं म्हणा. त्या वेळी 'गप्प बस' म्हटलंत, तर पुढच्या खेपेला स्टँड खरोखर खाली असेल आणि मूल गप्प बसेल.