चेहरा सावकाश येईल, डोळा आज सांभाळा

आमच्या वस्तीतल्या एका वहिनींचं गेल्या वर्षी कानाच्या नसेवरच्या गाठीचं, म्हणजे अकॉस्टिक न्यूरोमाचं ऑपरेशन झालं. गाठ कॅन्सरची नव्हती, निघाली. पण तोंड वाकडं झालं, उजवा डोळा मिटेना. शेजाऱ्यांनी निदान केलं, वारं गेलं! बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यांच्या दंडाला दोरा पाहिला आणि खरं सांगते, मला राग आला. मग वाटलं, रागवायचं कुणावर? घरी सोडताना दवाखान्यात त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

ऐकण्याची नस आणि चेहरा हलवणारी नस हाडातल्या एकाच अरुंद वाटेतून जातात. गाठ काढताना चेहऱ्याची नस ताणली जाऊ शकते. मार थोडा असेल तर चेहरा काही आठवड्यांत हलू लागतो. तंतू नव्यानं वाढायचे असतील तर वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर, म्हणजे महिने लागतात. दोऱ्यानं तो वेग वाढत नाही.

डोळा मात्र तेवढी वाट पाहत नाही. पापणी मिटत नाही, पाणी कमी येतं, बुबुळ कोरडं पडून जखम होते. बुबुळ बधिर झालं असेल तर ती दुखतही नाही. वहिनींच्या डोळ्यात असंच फूल पडलं. ते टाळता आलं असतं. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीनं बंद, चुलीजवळ आणि धुळीत चष्मा. डोळा लाल झाला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर.

कुणाचं ऐकून जोरानं फुगे फुगवू नका, मनानं करंट घेऊ नका. नस भलत्याच स्नायूला जुळली की घास चावताना डोळा मिटतो. आरशासमोर हळुवार व्यायाम, तोही फिजिओथेरपिस्टनं दाखवलेला. वर्ष होत आलं तरी काहीच हललं नाही तर स्नायू सुकण्याआधी प्लास्टिक सर्जनला भेटा. जिभेची नस जोडण्यासारखे उपाय आहेत. नस कापली गेली असेल तर तेवढंही थांबू नका. म्हणून सुट्टी होतानाच विचारा, नस शाबूत आहे का? डोळ्याची काळजी मराठीत लिहून मागा. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.

परवा पौर्णिमेला वहिनी विहारात आल्या, तोंडावर पदर घेऊन. मी शेजारी बसले. वंदना संपल्यावर त्यांनीच पदर बाजूला केला, थेंबांची बाटली माझ्या हातात दिली.