पाहणारा की पाहुणा?

देशाटनाने मनुष्याच्या अंगी चातुर्य येते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वी दूरदेशीचा प्रवास थोड्यांच्याच नशिबी असे; आता मोठी सुट्टी लागताच कित्येक कुटुंबे परदेशची वाट धरतात. त्यांतील बरीच अलीकडे चीन, कोरिया व जपान या पूर्वेकडील देशांस जातात. आठ दिवसांत पाच शहरे दाखविण्याचे आश्वासन सहलींच्या जाहिरातींत असते. विद्यार्थी परत येतात तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे असतात. परंतु काय पाहिले असे विचारावे, तो शहरांच्या नावांची यादी मिळते आणि तेथेच संभाषण खुंटते. इतका खर्च व इतकी दगदग करून पदरात एवढे थोडे का पडावे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी मिळून विचारात घेण्याजोगा आहे.

माझ्या मते याचे कारण असे की, परक्या गावी आपण पाहणारे म्हणून जातो, पाहुणे म्हणून जात नाही. हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात. अर्थाने मात्र त्यांत मोठे अंतर आहे. पाहणारा वस्तू पाहतो व पुढे जातो. पाहुण्यास हे घर कोणी उभारले, कोण राखीत आहे, याची जाणीव असते, आणि म्हणूनच तो उंबऱ्याशी पादत्राणे काढतो. प्रेक्षणीय स्थळ हेही कोणाचे तरी घरच होय. ते आपोआप प्रेक्षणीय राहत नाही.

चीनमधील हांगझौ शहराचे पश्चिम सरोवर पाहा. त्याच्या काठचे विलो वृक्ष, पाण्यावरील धुके व मागील डोंगर पाहून हे सर्व निसर्गाचेच देणे आहे असे कोणासही वाटेल. परंतु अकराव्या शतकात हे तळे गाळाने व पाणवनस्पतींनी भरून चालले होते. सन १०८९ मध्ये सू तुंग-पो हा प्रसिद्ध कवी त्या शहराचा अधिकारी म्हणून आला. त्याने हजारो मजूर लावून गाळ उपसविला आणि त्याच गाळाचा जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा बांध तळ्यातून घातला. आज ज्या वाटेवर उभे राहून प्रवासी छायाचित्रे काढतात, ती वाट म्हणजे हा उपसलेला गाळ होय.

जपानातील क्योतो येथील सुवर्णमंदिराची गोष्टही अशीच आहे. सन १९५० मध्ये तेथील एका तरुण भिक्षूनेच आग लावून ते भस्मसात केले. आज दिसते ते सन १९५५ मध्ये पुन्हा उभारलेले आहे. कोरियाची राजधानी सेऊल हिचा प्राचीन दक्षिण दरवाजा सन २००८ मध्ये एका माथेफिरूने पेटविला. जुन्या पद्धतीची हत्यारे वापरणाऱ्या सुतारांनी व गवंड्यांनी पाच वर्षे खपून तो सन २०१३ मध्ये पुन्हा उभा केला. अशा स्थळांपुढे दहा मिनिटे उभे राहणाऱ्याने निदान एक मिनिट तरी या हातांचे स्मरण करावयास नको काय?

हे स्मरण सुटले म्हणजे काय होते, तेही त्याच देशांत दिसते. क्योतोच्या गिओन भागात पारंपरिक नृत्यगायन करणाऱ्या कलावती राहतात. त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्या प्रवाशांचा उपद्रव इतका वाढला की, सन २०२४ मध्ये तेथील खासगी बोळांत परक्यांस मज्जाव करावा लागला. सेऊलमधील बुकचोन ही जुन्या घरांची वस्ती. तेथील गजबजलेल्या गल्ल्यांत सकाळी दहाच्या आत व सायंकाळी पाचनंतर प्रवाशांनी येऊ नये, आल्यास दंड होईल, असा नियम करणे भाग पडले. मार्च २०२५ पासून दंडाचीही अंमलबजावणी सुरू झाली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी एका दुकानामागे पर्वत सुंदर दिसतो, म्हणून लोक रस्त्यातच उभे राहत, कचरा टाकीत. तेव्हा मे २०२४ मध्ये गावकऱ्यांना तेथे काळा पडदा उभारावा लागला. पुढे त्याच वर्षी तो काढला. परंतु आपलाच पर्वत झाकून घेण्याची पाळी ज्यांवर आली, त्यांच्या मनास काय वाटले असेल?

खरा पाहुणा कसा असतो, याची दोन उदाहरणे देतो. दोहोंचाही संबंध आपल्या महाराष्ट्राशी आहे. पहिला ह्युएनत्संग. हा चिनी भिक्षू सातव्या शतकात हिंदुस्थानात आला, महाराष्ट्रातही आला, आणि येथील लोकांच्या मानी स्वभावाविषयी त्याने लिहून ठेविले. परंतु तो केवळ हिंडला नाही. नालंदा येथे राहून त्याने आपल्या ग्रंथांचा अभ्यास केला, आणि सन ६४५ मध्ये परतताना ६५७ ग्रंथ बरोबर नेले. त्या ग्रंथांच्या रक्षणासाठी सन ६५२ मध्ये बांधलेला मनोरा चीनमधील शीआन शहरी, पुढील काळात डागडुजी होऊन, आजही उभा आहे. त्या शहरी जाणाऱ्या महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने मनोऱ्याची उंची विचारण्याआधी ही हकीकत जाणलेली असावी.

दुसरे संत गोन्सालो गार्सिया. हे वसईचे सुपुत्र. जपानी भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, जपानच्या राज्यकर्त्यापुढे मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून ते उभे राहिले. सन १५९७ च्या फेब्रुवारीत नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह त्यांना क्रुसावर देहदंड झाला. त्या टेकडीवर आज सव्वीस हुतात्म्यांचे स्मारक आहे.

त्याच नागासाकीत राखणे या शब्दाचा पूर्ण अर्थ कळतो. सन १६१४ मध्ये जपानात ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. पुढे तेथे धर्मगुरू उरले नाहीत, उघड प्रार्थनामंदिरे उरली नाहीत. तरी काही शेतकरी व कोळी कुटुंबांनी बाप्तिस्मा व प्रार्थना घरातल्या घरात पिढ्यानपिढ्या जतन केल्या. सन १८६५ मध्ये ओउरा येथील नव्या मंदिरात उराकामी खेड्यातील काही मंडळी आली आणि आपली श्रद्धा तीच आहे असे त्यांनी तेथील धर्मगुरूस हळूच सांगितले. बंदी उठावयास सन १८७३ उजाडले. या लोकांनी नंतर मोठ्या कष्टाने बांधलेले भव्य मंदिर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँबने जमीनदोस्त झाले, आणि सन १९५९ मध्ये त्यांनी ते पुन्हा बांधले. घाईच्या सहलीत या स्थळास अर्धा तास मिळतो.

यावर कोणी म्हणेल, "पुन्हा जाणे कोठे होणार? एकदाच पैसे खर्चावयाचे, तर जितके पाहून घेता येईल तितके पाहावे." मध्यम स्थितीतील पालकाचे हे म्हणणे मला समजते. परंतु पंगतीत प्रत्येक पदार्थ पानात वाढून घेतला म्हणजे जेवण झाले असे नव्हे. दुसरा कोणी म्हणेल, प्रवाशांच्या पैशावर तेथील लोकांचा चरितार्थ चालतो. तेही खरे, तथापि पैसे मोजून खोली मिळते, शेजाऱ्याची झोप विकत मिळत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पाच शहरांऐवजी दोन निवडावी. निघण्यापूर्वी महिनाभर त्या देशाचा नकाशा व एखादे चांगले पुस्तक घरात सर्वांनी मिळून वाचावे. चिनी भाषेत 'शिए शिए', कोरियन भाषेत 'कामसाहामनिदा', जपानी भाषेत 'अरिगातो' एवढे आभाराचे शब्द तरी मुलांना येऊ द्यावे. परक्याच्या तोंडून आपल्या भाषेतील आभार ऐकून कोणाचा चेहरा उजळत नाही? आणि प्रत्येक स्थळी तीन प्रश्न वहीत टिपावे: हे कोणी उभारले? संकटात कोणी वाचविले? आज याची झाडलोट कोण करतो? मुले परतल्यावर आईवडिलांनीही काय काय पाहिले असे न विचारता हेच तीन प्रश्न विचारावे.

ज्यांना परदेशी जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर कोळशाने नावे लिहिणारेही पाहणारेच असतात, आणि तेथेही पाहुणा होण्यास तिकीट लागत नाही. पुढील वर्षीच्या वार्षिकासाठी प्रवासवर्णन लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी दहा स्थळांची नावे न देता एकाच स्थळाविषयी व ते राखणाऱ्या एका तरी माणसाविषयी लिहावे. मग ते स्थळ नागासाकीस असो, वा आपल्या गावच्या वेशीबाहेर.