सहीच्या आधी

नव्या तंत्रज्ञानावरचा लोकांचा विश्वास उडत चालला आहे, ही तक्रार आपल्या परिषदांमध्ये हल्ली हमखास कानावर येते. उपाय म्हणून जनजागृती सुचवली जाते, एक समिती नेमली जाते आणि मंडळी चहाला उठतात. लोकांना समजत नाही म्हणून ते विश्वास ठेवत नाहीत, असे यामागचे गृहीतक. आम्हाला ते मान्य नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चंद्रयान-३ उतरताना जीव मुठीत धरून पाहणाऱ्या किती जणांना त्या चार इंजिनांचे गणित येत होते? सामान्य माणूस यंत्र तपासत बसत नाही. यंत्रापाशी बसलेला कोणीतरी वेळ पडली तर ‘नाही’ म्हणेल, एवढेच तो धरून चालतो. तो कोणीतरी म्हणजे आपण अभियंते.

म्हणून एफटीएक्स या बुडालेल्या क्रिप्टो एक्स्चेंजचा खटला आपल्यापैकी प्रत्येकाने वाचावा. तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड याला मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली, ही बातमी आता जुनी झाली. आपल्या कामाचा भाग त्याआधीचा, ऑक्टोबर २०२३ मधला. कंपनीचा तंत्रप्रमुख गॅरी वाँग न्यूयॉर्कच्या न्यायालयात साक्षीला उभा राहिला आणि त्याने कोड उलगडून सांगितला. अलामेडा या घरच्याच कंपनीच्या खात्याला ‘अलाउ निगेटिव्ह’ नावाचा फ्लॅग लावलेला होता. शिल्लक उणे गेली तरी हे खाते चालू राहील, अशी सोय. अलामेडाला कोणतीही खास वागणूक नाही, असे बाहेर मात्र छातीठोकपणे सांगितले जात होते. ग्राहकांच्या सुमारे ८ अब्ज डॉलरना पाय फुटले, त्यातली एक वाट ही होती.

याहून बोलका तपशील विमा निधीचा आहे. तोट्याच्या वेळी ग्राहकांना वाचवणारा निधी म्हणून संकेतस्थळावर एक आकडा झळकत असे आणि तो वाढत राही. कोणत्याही खात्याशी त्याचा संबंध नव्हता. दिवसाची उलाढाल घ्यायची, तिला एका यादृच्छिक संख्येने गुणायचे, अब्जाने भागायचे आणि आलेले उत्तर आधीच्या आकड्यात मिळवायचे! मध्यस्थावर भरवसा ठेवावाच लागू नये म्हणून २००८ साली बिटकॉइनची कल्पना मांडली गेली. तिच्या बाजारातल्या एका बड्या मध्यस्थाची ही ग्राहकसेवा. त्या दोन-चार ओळी कोणीतरी कीबोर्डवर बोटे ठेवूनच लिहिल्या. लिहिताना त्याच्या मनात काय चालले होते, हे जाणून घ्यायला आम्हाला खरोखर आवडेल.

दुसरे प्रकरण याच्या अगदी उलट. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अवकाश शटलचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलच्या अभियंत्यांनी नासाला दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितले, की बूस्टरच्या सांध्यातल्या ओ-रिंग थंडीत नीट बसत नाहीत. सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली चॅलेंजर उडवू नये. नासाची नाराजी दिसताच कंपनीच्या व्यवस्थापकांनी आपसात चर्चा केली आणि शिफारस फिरवली. फ्लोरिडात हजर असलेले त्यांचे वरिष्ठ अभियंते ॲलन मॅकडोनल्ड यांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला. मग कंपनीच्या युटातल्या कार्यालयातून दुसऱ्या अधिकाऱ्याची सही मिळवली गेली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले.

मॅकडोनल्ड यांच्या नकाराने यान थांबले नाही, हे खरेच. पण रात्रीचा तो वाद चौकशी आयोगापुढे आला तो त्यांनी तोंड उघडले म्हणून. त्याची किंमत म्हणून कंपनीने त्यांना बाजूला सारले. अमेरिकी संसदेतून दबाव आला तेव्हा त्याच सांध्यांच्या फेररचनेचे काम त्यांच्याकडे देण्यात आले, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये शटल पुन्हा उडाले. आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलेली तफावत तर आपल्या प्रत्येक बैठकीच्या खोलीत लावण्यासारखी आहे. अपघाताची शक्यता नासाच्या व्यवस्थापनाच्या मते लाखात एक, काम करणाऱ्या अभियंत्यांच्या मते सुमारे शंभरात एक.

सहीचा तिसरा प्रकार अलीकडचा. न पाहता केलेली सही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसलेला व्यवहार वेगळा आणि प्रत्यक्षात सही झाली तो वेगळा, असे कंपनीने सांगितले. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या दुसऱ्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेही सही करणाऱ्यांना पडद्यावर भलतेच दाखवून. चार-पाच जणांच्या सह्या लागतात म्हणून सुरक्षित, असे आपण ग्राहकाला सांगतो. ते सगळे एकाच पडद्याकडे पाहत असतील, तर सह्या कितीही असोत, तपासणी एकच.

आता फसलेल्या कामाची माहिती उघड करण्याविषयी. इस्रोचे कौतुक आपण सगळेच करतो, आणि ते योग्यच आहे. पण सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रयान-२ चा विक्रम हा लँडर कोसळला, तेव्हा लोकांच्या वाट्याला संसदेतल्या उत्तरातली मोजकी वाक्ये आली. सविस्तर अहवाल आला नाही. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, चुका साठत गेल्या, यान वेगाने वळवण्यावर सॉफ्टवेअरची मर्यादा होती, हे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी नीट समजावून सांगितले ते जुलै २०२३ मध्ये, पुढच्या उड्डाणाच्या तोंडावर. उतरण्याची जागा ५०० मीटर चौरसावरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, काय काय बिघडू शकते ते आधी धरून रचना केली, हेही तेव्हाच कळले. इतके स्वच्छ, इतके आपल्या कामाचे विवेचन चार वर्षे आधी मिळाले असते तर कोणाचे काय बिघडले असते? ‘धाडस करा’ असे तरुण अभियंत्यांना सांगणाऱ्यांनी धाडस फसल्याची कागदपत्रेही त्यांच्या हाती द्यायला हवीत.

आम्ही आमच्यापुरती सुरुवात करत आहोत. पुढील अंकापासून वाचकांनी लिहिलेला फसलेल्या कामाचा एक वृत्तान्त दरमहा छापू. आमच्या जाहिरात विभागाला ही कल्पना फारशी रुचलेली नाही. कंपनीचे आणि लेखकाचे नाव नको असेल तर छापणार नाही. मोजमापे, तारखांचा क्रम, आणि कोणत्या टप्प्यावर कोणी हरकत घेतली होती किंवा घ्यायला हवी होती, एवढे मात्र लेखात असावे. दीड हजार शब्द पुरेत, आकृत्या वेगळ्या जोडाव्यात.