शिवलेली नऊवारी आणि सासऱ्यांची फियाट

शिवलेली नऊवारी बाजारात दिसायला लागली, तेव्हा पुष्कळ ज्येष्ठ मंडळींनी नाकं मुरडली होती. ‘ही कसली नऊवारी? हा तर पायजमा!’ आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत त्याच नऊवारीत मुली बुलेट चालवतात, ढोल वाजवतात आणि तीच मंडळी कौतुकानं फोटो काढतात. रूप आजीचं, सोय नातीची. मला वाटतं, सध्या जुन्या मोटारींचं जे चाललंय, ते याच जातीचं आहे.

बाहेरून गाडी साठ-सत्तरच्या दशकातली, आत मात्र आजचं इंजिन, आजचे ब्रेक, पॉवर स्टिअरिंग आणि एसी. परदेशात याला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. मे २०१८ मध्ये प्रिन्स हॅरी आणि मेगन लग्नानंतर ज्या उघड्या जॅग्वारमधून समारंभाला गेले, ती गाडी १९६८ सालची होती, पण चालत होती विजेवर. आपल्याकडेही हे अगदीच नवं नाही. अ‍ॅम्बॅसडरला तिच्या कंपनीनंच नव्वदच्या दशकात इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअर दिले होते. मुंबईच्या जुन्या टॅक्सी न्यायालयाच्या आदेशानंतर सीएनजीवर आल्या. आणि आपला चेतक? तो तर २०२० मध्ये जुनं नाव घेऊन चक्क विजेवर परत आला.

हा विषय माझ्यासारख्या गृहिणीनं का काढावा, असं वाटेल. काढला, कारण तो आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज वाढला जातोय. सासऱ्यांची १९७८ सालची फियाट पार्किंगमध्ये उभी आहे. कागदोपत्री ती प्रीमिअर पद्मिनी. चितोडच्या राणीचं हे नाव गाडीला १९७४ मध्ये मिळालं, पण आमच्याच काय, सगळ्यांच्याच तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. मुंबईत तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि त्या आठवड्यात आमच्या घरात पुन्हा वाद पेटला. अण्णा म्हणतात, आहे तशी दुरुस्त करा, एक स्क्रूसुद्धा बदलू नका. नवरा म्हणतो, नव्या गाडीचं इंजिन बसवू. चिरंजीव म्हणतात, बॅटरीवर करू. आणि धाकटे भाऊजी लांबून फोनवर म्हणतात, विकून टाका!

मैत्रिणींनो, या गाडीची आठवण काढताना पुरुषमंडळींचे डोळे कसे चमकतात ते बघण्यासारखं असतं. स्टिअरिंगला लागूनच हातानं टाकायचा गिअर. थंडीत चोक ओढायचा, इंजिनाचा सूर लागला की हळूच आत ढकलायचा. वाऱ्यासाठी पुढच्या दाराला ती त्रिकोणी काच. पुढं सलग सीट, त्यावर तिघं आरामात, चौथं पोर मांडीवर. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद आजच्या लहानशा गाडीपेक्षाही कमी. पण गाडी ‘कळायची’ म्हणतात. कुठून आवाज येतोय, घाटात कधी गिअर उतरवायचा, इंजिन तापलंय का, हे कानाला आणि तळपायाला समजायचं.

यात तथ्य आहे. जुन्या गाडीत चालवणाऱ्याला सतत जागं राहावं लागायचं. ब्रेक लवकर दाबायचा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं. खंबाटकी उतरताना नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवायचा नाही, गाडी खालच्या गिअरमध्ये धरायची, कारण जुने ड्रम ब्रेक सारखे दाबले तर तापतात आणि मग धरत नाहीत. आजच्या गाडीत आपण गाणी ऐकतो, गप्पा मारतो, मागं काही आलं की गाडीच पीं-पीं करून सांगते. वेग ऐंशीवर गेला तरी कळत नाही. सोय वाढली तशी आपली बेफिकिरीही वाढली, हे मी मान्य करते.

पण या सगळ्या आठवणी ड्रायव्हरच्या सीटवरच्या आहेत. दुसऱ्या सीटवरच्या आठवणी कोणी विचारल्या का? बॅटरी उतरली की धक्का कोण मारायचं? पदर खोचून सासूबाई आणि शाळेच्या गणवेशातली मुलं! स्टिअरिंगमागं बसणारा एकच, ढकलणारे चौघं. तान्हं बाळ मांडीवर घेऊन पुढं बसायची ती आईच, आणि पट्टा नावाची वस्तूच नसायची. तीन ठिकाणी धरणारा पट्टा स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तयार केला. आपल्या गाड्यांत तो सर्रास यायला नव्वदचं दशक उजाडलं.

परवा मी मुद्दाम सासूबाईंना विचारलं, ‘आई, तुम्ही का नाही शिकलात फियाट?’ त्या म्हणाल्या, ‘शिकले होते गं पंधरा दिवस, मैदानावर. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना खांदा भरून यायचा. ब्रेक दाबायला तर जवळजवळ उभंच राहावं लागायचं. मग सगळे म्हणाले, हे बायकांचं काम नाही. मलाही ते पटलं.’

ऐकून मी गप्पच झाले. तेव्हाच्या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, ब्रेकला मदत करणारी यंत्रणा नव्हती. जड होती ती गाडी, पण कमी पडली बाई, असं ठरलं! पुढं काय झालं बघा. १९८४ च्या सुमारास कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू, गिअरची भानगड नाही, आणि पुण्यातल्या बायका भराभर स्कूटरवर दिसायला लागल्या. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली, हलकी आणि आटोपशीर, आणि कितीतरी जणी चारचाकी शिकल्या. त्या दोन-चार वर्षांत बायकांचे खांदे बळकट झाले नव्हते. यंत्र बदललं होतं. ‘बायकांना जमत नाही’ असं कुठल्याही कामाबद्दल कानावर आलं की आता मी आधी यंत्राकडे बघते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जुनी गाडी रस्त्यावर आणायची असेल, तर बदल हवेतच. फक्त त्यांचा क्रम बायकोला विचारून ठरवावा! पुरुषमंडळी सुरुवात इंजिनापासून करतात. सुरुवात ब्रेकपासून व्हायला हवी. आमच्या बचत गटातली एकजण शाळेची व्हॅन चालवते. तिला मी हा वाद सांगितला, तर तिचा पहिला प्रश्न, ‘ताई, पण थांबते का ती गाडी?’ लाखमोलाचा प्रश्न! चाळीस वर्षांपूर्वी पुढची गाडीही सावकाशच थांबायची. आज पुढच्या गाडीला डिस्क ब्रेक आणि एबीएस असतं, ती जागच्या जागी थांबते आणि मागची फियाट तिच्यावर जाऊन आदळते. ‘आम्ही नाही का चालवली?’ हे म्हणणं खरं, पण तो रस्ताच आता राहिलेला नाही.

ब्रेकनंतर पट्टे. तेही गंजलेल्या पत्र्याला नुसतं भोक पाडून लावलेले नकोत, आतून मजबुती देऊन बसवलेले हवेत. नाहीतर धक्का बसताच पट्ट्यासकट पत्रा उखडायचा. मग स्टिअरिंग हलकं करणं. इंजिन सगळ्यात शेवटी. आणि दुप्पट ताकदीचं इंजिन जुन्या सांगाड्यात घालायचं, तर सस्पेन्शनपासून टायरपर्यंत सगळंच त्याला साजेसं लागतं. घोडा तगडा आणि टांगा मोडका, असं चालत नाही.

यात कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी, नाहीतर अपघातानंतर विम्याचे पैसे अडकतात. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चासी, सांगाडा, इंजिन मूळचं असेल तरच. आणि ती मिळाली की गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅलीपुरतीच बाहेर काढायची. आमची फियाट २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. म्हणजे घराघरातला खरा प्रश्न आहे तो हा, की गाडी जपायची आहे की वापरायची आहे?

जपायची असेल तर अण्णांचं बरोबर. एक स्क्रूही हलवू नका, पुसून-झाकून ठेवा. पुढच्या पिढीला काय होतं ते जसंच्या तसं दिसलं पाहिजे, त्यातल्या गैरसोयींसकट. संग्रहालयातल्या पैठणीला कोणी फॉल-बिडिंग करत नाही. पण वापरायची असेल, नातवंडांना बसवून माहुलीला न्यायची असेल, तर ‘मूळचं ते सोनं’ हा हट्ट सोडावा लागेल. आठवणीसाठी जीव धोक्यात घालायचा नसतो, दुसऱ्याचा तर नाहीच.

आणि बदल केलेत, तर एक गोष्ट तेवढी जुनी राहू द्या. ते अंतर ठेवून, कान उघडे ठेवून, वळणाआधीच वेग कमी करून गाडी चालवणं. ते कुठल्याही गॅरेजमध्ये बसवून मिळत नाही. अण्णांच्या पिढीकडून आपण घ्यायचं ते हेच आहे आणि ते नव्या कोऱ्या गाडीतही लागतं.

सासूबाई आता सत्तरीच्या पुढं आहेत, त्यांचा परवाना कधी निघालाच नाही. पण हलक्या स्टिअरिंगचा खर्च कशाला, असं कोणी म्हणालं की मी त्यांचं नाव घेते. राणीचं नाव दिलेली गाडी घरातल्या एका तरी बाईला चालवता यायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.