अण्णा नाईक आणि काळाची उलटी वाट

'रात्रीस खेळ चाले'चा दुसरा भाग पहिल्याहून सरस होता, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही प्राध्यापक मित्र मालिकेचे नाव ऐकूनच नाक मुरडतात. मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या इतिहासात नारळीकरांचे गंगाधरपंत पोहोचतात, त्यावर हेच मित्र वर्गात तासभर बोलतात. काळाशी तोच खेळ दूरचित्रवाणीवर आला की मात्र त्यांना विटाळ होतो. त्यांना सोडून देऊ. 'शेवंता आली म्हणून प्रेक्षक आला' असे म्हणणाऱ्यांशी मात्र वाद घालायलाच हवा.

२०१६ सालचा पहिला भाग अण्णांच्या मृत्यूने सुरू झाला. वाड्यात जमलेले कुटुंब आणि 'हे कोण करते आहे?' हा एकच प्रश्न. संशयाची सुई रोज नव्या पात्राकडे वळवायची म्हटल्यावर एकही पात्र माणूस म्हणून धड उभे राहत नाही. २०१९ मध्ये मालिका परतली ती मागच्या काळात. अण्णा जिवंत, माई ऐन संसारात. शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक होता आणि तेच बलस्थान ठरले. 'पुढे काय' ही उत्सुकता मावळली, 'हे असे का झाले' ही जागी झाली. ज्या नाट्यगत उपरोधाची उदाहरणे आपण ग्रीकांकडून उसनी आणतो, तो इथे रोज रात्री घरात येत होता.

बीबीसीच्या 'ॲशेस टू ॲशेस' (२००८-१०) या मालिकेचेही असेच झाले. २००८ मधून १९८१ मध्ये जाऊन पडलेली नायिका पहिल्या भागात भोवतालच्या माणसांना आपल्याच मनाचे खेळ समजते. दुसऱ्या भागात ती त्यांच्यात वावरू लागते आणि मालिका सुधारते. कोडे मागे पडले की काळ दिसू लागतो.

शेवंता हे आमिष असेलही. पण ज्या हाताने अण्णा दुसऱ्याची जमीन गिळतात, त्याच हाताने ते तिला आपलीशी करतात, हे लेखकाने विसरू दिले नाही. माईचे जाणून गप्प राहणे तर वासनेच्या हिशेबात कुठेच बसत नाही. सरंजामी घराचा हा पट मराठी कादंबरीत आला असता, तर आपण त्यावर चर्चासत्र भरवले असते. (निबंधही वाचले असते, ते कुणी ऐकले नसते ही गोष्ट वेगळी.)

आणखी एक. इथे शिरवळला, नीरेच्या काठी, ज्यांनी कोकण पाहिलेले नाही अशा मुलांच्या तोंडी मालवणी हेल आले ते या मालिकेमुळे. बोलींवरच्या आमच्या व्याख्यानांना हे जमलेले नव्हते.

दोष होतेच. भाग ताणले गेले, अण्णांच्या क्रौर्याला पुढे पुढे टाळ्या मिळू लागल्या आणि मालिकेलाही त्या आवडू लागल्या. २०२१ च्या तिसऱ्या भागाने तर दोघांना भुते करून परत आणले. एवढ्या कष्टाने हाडामांसाची केलेली माणसे पुन्हा दचकवण्याच्या कामी लावली.