पदवी इंदूरची, मान्यता दिल्लीची

इंदूरच्या होळकरांत लागोपाठ दोन राजांनी जिवंतपणी गादी सोडली. 31 जानेवारी 1903 रोजी शिवाजीराव पायउतार झाले आणि बारा वर्षांचे तुकोजीराव गादीवर आले. 26 फेब्रुवारी 1926 रोजी याच तुकोजीरावांनी आपल्या सतरा वर्षांच्या मुलासाठी, यशवंतरावांसाठी, राजत्याग केला. कारण सर्वांना ठाऊक होतं. जानेवारी 1925 मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत असलेली मुमताज बेगम ही इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी होती आणि आरोपींचे धागे इंदूरपर्यंत पोचत होते. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. त्यांनी गादी सोडली. यशवंतराव लगेच महाराज झाले, पण कारभाराचे अधिकार हाती यायला 1930 उजाडलं.

माझं माहेर इंदूरचं. आजीच्या तोंडी ‘महाराजांनी मुलाला राज्य दिलं’ हेच वाक्य असायचं आणि बरीच वर्षं मलाही तेच खरं वाटत होतं. आता दिल्लीत वकिली करताना या राजत्यागांचे कागद वाचते तेव्हा दिसतं की बापाच्या सहीने निम्मंच काम व्हायचं. पुढचं निम्मं काम व्हाइसरॉयच्या मान्यतेचं, आणि ती मान्यता नसेल तर गादीवर बसलेला मुलगा राजा ठरत नसे.

स्वातंत्र्यानंतर मान्यता देणारे बदलले, रीत तीच राहिली. राज्यघटनेच्या कलम 366 च्या 22व्या उपकलमात ‘शासक’ म्हणजे राष्ट्रपतींनी ज्याला मान्यता दिली तो, अशी व्याख्या होती. वारस कोण हेही राष्ट्रपतींच्याच मान्यतेने ठरे. या व्याख्येची खरी कसोटी लागली ती होळकरांच्याच घरात. यशवंतराव 5 डिसेंबर 1961 रोजी वारले, तेव्हा राजत्याग केलेले त्यांचे वडील हयात होते. तुकोजीराव पुढे 1978 साली पॅरिसमध्ये वारले. पण एकदा सोडलेली गादी मुलाच्या मृत्यूनंतर त्यांच्याकडे परत आली नाही. अमेरिकन आईच्या पोटी जन्मलेला यशवंतरावांचा मुलगा रिचर्ड होता, त्यालाही ती मिळाली नाही. केंद्र सरकारने मान्यता दिली यशवंतरावांची मुलगी उषादेवी यांना. आजोबा आणि भाऊ हयात असताना गादी मुलीला मिळाली, हे एका सरकारी निर्णयाने झालं. मला तो निर्णय आजही मोलाचा वाटतो. रिचर्ड यांनी पुढे महेश्वरला रेहवा सोसायटी उभी करून तिथल्या हातमागाला पुन्हा उभारी दिली. महेश्वरी साडी हातात घेतली की मला त्यांचं ते काम आठवतं. त्या कामासाठी त्यांना कुठल्याही पदवीची गरज पडली नाही.

मंडी हाउस मेट्रोला उतरून पतियाळा हाउस कोर्टाकडे निघालं की वाटेत बडोदा हाउस लागतं. वास्तुविशारद लट्यन्सने बडोद्याच्या गायकवाडांसाठी बांधलेली ही वास्तू आता उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. फाटकातून फायली घेतलेले कर्मचारी आत-बाहेर करत असतात. याच गायकवाड घराण्यातल्या प्रतापसिंहरावांची मान्यता 1951 साली राष्ट्रपतींनी काढून घेतली आणि मुलगा फत्तेसिंहराव यांना दिली. तिथे राजाने गादी सोडलीही नव्हती. दिल्लीच्या एका आदेशाने बापाची पदवी मुलाकडे गेली.

जगात जिथे राजे आहेत, तिथेही हे काम कायदाच करतो. आठव्या एडवर्डने डिसेंबर 1936 मध्ये राजत्यागाच्या कागदावर सही केली, पण तो अमलात यायला ब्रिटिश संसदेचा कायदा लागला. जपानच्या अकिहितो यांना 2019 साली पायउतार होता यावं म्हणून आधी खास कायदा करावा लागला.

आपल्याकडे तो कायदाच उरलेला नाही. सप्टेंबर 1970 मध्ये सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 15 डिसेंबर 1970 रोजी तो आदेश रद्द झाला. मग संसदेने 26वी घटनादुरुस्ती केली. कलम 363अ आलं, संस्थानिकांना सरकारकडून मिळणारे तनखे बंद झाले आणि सगळ्या शासकांची मान्यता संपली. म्हणजे 1971 च्या अखेरीनंतर या देशात वारसाने मिळेल अशी राजपदवीच नाही. बाप मुलाला वाडा देऊ शकतो, जमीन देऊ शकतो, तलवार आणि फोटो देऊ शकतो. ‘महाराज’ हे पद देऊ शकत नाही, कारण ते त्याच्याकडेही नाही.

तरी अलीकडेच दिल्लीतल्या एका मराठी कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका माझ्या हाती आली. प्रमुख पाहुण्यांच्या नावाआधी ‘श्रीमंत महाराजा’ छापलं होतं, तेही ठसठशीत सोनेरी अक्षरात. खालच्या ओळीत ज्या शिक्षिकेचा सत्कार होता, तिचं नाव बारीक टायपात. मी आयोजकांना फोन केला. ‘ताई, लोकांना आवडतं हो,’ असं उत्तर मिळालं. घरात, देवळात, दसऱ्याच्या मानाला लोक ज्याला जे म्हणतात ते म्हणोत. त्या आदराला माझा विरोध नाही, माझ्या आजीचाही तो होता. पण सरकारी पत्रिका, न्यायालयातला अर्ज, उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातली बातमी या जागा घटनेच्या आहेत.

म्हणून संपादकांना आणि आयोजकांना माझी विनंती आहे. पुढची पत्रिका किंवा बातमी छापायला देण्याआधी ‘महाराजा’ हा शब्द खोडा, नाव आणि आडनाव लिहा आणि त्या माणसाने काय काम केलं ते एका ओळीत सांगा. शिक्षिकेचं नावही त्याच आकारात छापा.