बेलफास्टच्या भिंती

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात १९६९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश लष्कराने कॅथलिकांची फॉल्स आणि प्रॉटेस्टंटांची शँकिल या दोन वस्त्यांमध्ये काटेरी तारांचा अडसर उभारला, तेव्हा ही व्यवस्था तात्पुरती असल्याचे सांगण्यात आले होते. त्यास अर्धशतक उलटून गेले. तारांच्या जागी घरांहून उंच भिंती आल्या आणि त्यांची संख्याही वाढली. २०२३ पर्यंत त्या सर्व पाडण्याचा संकल्प तेथील सरकारने २०१३ मध्ये केला होता. तो संकल्पच राहिला.

दोन्ही बाजू एकाच ख्रिस्ताच्या उपासक. पोपची सत्ता मानावी की न मानावी, एवढ्या वादापायी शँकिलचा कामगार शेजाऱ्याचे घर पेटवील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजसत्तेने अल्स्टर प्रांतातील कॅथलिकांच्या जमिनी हिरावून तेथे स्कॉटलंड-इंग्लंडमधील प्रॉटेस्टंटांना वसविले. तेव्हापासून पंथ हाच, आमच्याकडील भाषेत सांगायचे तर, एक-चौदाचा उतारा होऊन बसला.

१९२१ च्या फाळणीनंतर राज्ययंत्रणेनेही तोच उतारा पाहून वाटप चालविले. डेरी शहरात बहुसंख्या कॅथलिकांची, पण प्रभागांच्या सीमाच अशा आखलेल्या की नगरपालिका प्रॉटेस्टंटांच्याच हाती राहावी. स्थानिक निवडणुकीतील मताधिकार घराशी बांधलेला. म्हणजे कॅथलिकाला घर देणे हे त्याला मत देण्यासारखेच! १९६८ च्या जूनमध्ये कॅलेडन गावी मुलाबाळांची कॅथलिक कुटुंबे घरासाठी तिष्ठत असता, एका अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला सरकारी घर मिळाले आणि ऑस्टिन करी या आमदाराने त्या घरातच ठाण मांडले. त्या वर्षी डेरीत मोर्चा निघाला तो घरे, नोकऱ्या आणि समान मताधिकार यांसाठी. प्रार्थनेचा प्रश्न त्यात कोठेच नव्हता. त्यास उत्तर मिळाले ते लाठीचे; आणि ३० जानेवारी १९७२ रोजी त्याच शहरात बंदुकीचे. त्या दिवशी लष्कराच्या गोळीबारात बळी पडलेले लोक निरपराध होते, हे ब्रिटिश सरकारने कबूल करण्यास २०१० साल उजाडावे लागले. दरम्यान दोन्हीकडच्या सशस्त्र टोळ्यांनी सूडाचा व्यापार मांडला आणि तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली.

म्हणून धर्मपीठे निर्दोष ठरतात, असे मात्र आम्हांस वाटत नाही. रेव्हरंड इयन पेस्ली यांनी चाळीस वर्षे प्रत्येक तडजोडीविरुद्ध गर्जना केल्या. आणि २००७ मध्ये तेच गृहस्थ एकेकाळी आयआरएचे पुढारी असलेल्या मार्टिन मॅग्गिनेस यांच्यासह सत्तेवर हसतमुखाने बसले. हेच शहाणपण वीस वर्षे आधी सुचले असते तर किती घरांतले दिवे विझले नसते!

१९९८ च्या कराराने बंदुका थांबल्या, हे यश लहान नव्हे. परंतु मुलांचे काय? दोन्ही पंथांची मुले एकत्र शिकावीत म्हणून काही पालकांनी १९८१ मध्ये अवघ्या २८ विद्यार्थ्यांनिशी लॅगन कॉलेज सुरू केले. आजही अशा मिश्र शाळांत जाणारी मुले शंभरांत दहांहून कमीच आहेत. बाकीची आपापल्या पंथाच्या शाळेतून परततात, आणि रात्री भिंतींतील दरवाजे बंद होतात.